तानीचं हसू

डोंबिवली (पूर्व)
७ जानेवारी २०२५

शिवरामकाका,

नमस्कार करते. पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही पत्र न फोडताच ठेवून द्याल अशी भीती आहे, म्हणून पत्ता मुद्दाम टाइप करून चिकटवलाय. एवढी फसवणूक माफ करा.

गडहिंग्लजचा पत्ता साईनाथदादानं दिला. म्हणाला, "बाबांना फोनवर ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉल लावला की ते फोन पालथा घालतात. तू पत्र टाक." टाकते आहे. नऊ वर्षांत मी पत्र असं कुणालाच लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करतात तेही विसरले.

टिळकनगरमध्ये तुमचा स्टुडिओ होता तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. म्हणजे त्या गाळ्यात अजूनही कव्हरंच मिळतात. हे तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही हसाल की नाही, याचा मी रिक्षात बसून विचार करत होते.

कामाचं सांगते. सुरंगी प्रकाशनाच्या केदारनं मला परवा फोन केला. 'उधाणाची लेक'ची नवी आवृत्ती काढतायत, सोळावी. मजकूर नव्यानं जुळवलाय आणि मुखपृष्ठही नवं हवंय. म्हणाला, "कॉलेजची मुलं पुस्तक हातातच घेत नाहीत गं. रडकं दिसतं म्हणतात."

तुमचं मुखपृष्ठ, काका. मान खाली घातलेली तानी आणि मागे काळी खाडी. अख्ख्या महाराष्ट्राला कादंबरी न वाचताही ते चित्र माहीत आहे. तुम्ही मला बारा वर्षं ब्रश धरायला शिकवलं आणि आता तेच चित्र मी बदलायचं.

मी अजून हो म्हटलेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय म्हणणार नाही. आणि एक सांगते, नऊ वर्षांपूर्वीसुद्धा त्यांनीच मला बोलावलं होतं आणि आत्ताही त्यांनीच बोलावलंय.

नाही म्हणायचं असेल तर नुसतं 'नाही' लिहा. मी समजेन.

तुमची
रसिका


डोंबिवली
१९ जानेवारी २०२५

शिवरामकाका,

तुमचं उत्तर नाही. साईनाथदादा म्हणाला की पत्र मिळालं, तुम्ही वाचलं, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवलं. फेकून दिलं नाहीत, एवढ्यावर दुसरं लिहायला बसले आहे.

आधी एक कबुली. मी केदारला फोनवरच हो म्हटलं होतं. तुम्हाला पत्र लिहिलं तेव्हा दोन नमुने तयारसुद्धा होते.

आणि ते भिकार होते. एकात मिठाची रास आणि सूर्यास्त, दुसऱ्यात डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईची नुसती सावली. केदारनं स्क्रीन बघितली आणि म्हणाला, "रसिका, हे सहकारी बँकेचं कॅलेंडर वाटतंय." आणखी तीन केले. तिसऱ्याला त्यानं मला नुसता चहा मागवला. त्यावरून समजा.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. कादंबरी वाचली. तुम्ही ओरडायचात ना, "पुस्तक न वाचता कव्हर करणारा माणूस न बघता मापं घेणाऱ्या शिंप्यासारखा!" कॉलेजात असताना मी ती वाचली होती, म्हणजे परीक्षेपुरती. या वेळी नीट वाचली आणि काका, मी चक्रावले. तानीचा नवरा उधाणात जातो, बांध फुटतो, मिठागर बुडतं, गावातले पुरुष जमीन सोडून निघतात, हे सगळं मला आठवत होतं. पण ती बायकांना गोळा करून बांध परत घालते, तेव्हा त्या बायका किती हसतात! एकमेकींना चिखल काय फासतात, मुकादमाची नक्कल काय करतात. आणि शेवटचं प्रकरण तर पन्नास वर्षांनंतरचं आहे. म्हातारी तानी त्याच बांधावर बसून नातसुनेला सगळं सांगते आणि सांगता सांगता हसत सुटते. शेवटचं वाक्यच तिच्या हसण्याचं आहे. हे कुणालाच कसं आठवत नाही?

कारण सगळ्यांनी मुखपृष्ठ बघितलं होतं. मीसुद्धा.

रागावू नका, पुढचं वाचा. काल मी नौपाड्याला केदारच्या ऑफिसात जुन्या फायली बघायला गेलेले. पोटमाळ्यावर त्याच्या वडिलांच्या, भाऊंच्या काळातले गठ्ठे आहेत. केदार शिडी धरून खाली उभा होता आणि दर मिनिटाला "पडू नकोस गं" म्हणत होता. १९६८च्या गठ्ठ्यात तुमचं चित्र सापडलं. छापलेलं नव्हे, पहिलं. काळ्या शाईचं, एका दमात ओढलेलं. कमरेवर हात ठेवलेली, मान मागे टाकून हसणारी मुलगी, पुढच्या दोन दातांत फट.

मी शिडीवरच बसले. केदार खालून ओरडतोय, "काय झालं?"

चित्राला भाऊंची चिठ्ठी टाचलेली होती. "चित्र फार चांगले. पण विधवा बाई मुखपृष्ठावर हसताना चालणार नाही. वाचक पुस्तक घरात घेणार नाहीत. मान खाली हवी."

तुम्ही बारा वर्षांत हे कधीच बोलला नाहीत. त्या मुखपृष्ठाबद्दल कुणी तुमचं कौतुक केलं की तुम्ही पाणी प्यायला उठायचात. मला वाटायचं, किती हा विनय.

चित्राच्या मागे पेन्सिलनं लिहिलंय, 'मालन, कोलशेत.'

येत्या रविवारपासून मी तिला शोधायला लागणार आहे.

रसिका


डोंबिवली
२ फेब्रुवारी २०२५

काका,

सापडल्या! मालनबाई सापडल्या! ठणठणीत आहेत, शहात्तर वर्षांच्या आहेत आणि मी गेले तेव्हा शेजारणींबरोबर रमी खेळत होत्या.

सगळं क्रमानं सांगते. कोलशेत आता तुम्हाला ओळखू यायचं नाही. टॉवरच टॉवर. पण त्यांच्या पायथ्याशी जुनं गाव अजून आहे, घरासमोर घर. गेल्या रविवारी मी चित्राचा फोटो घेऊन फिरले आणि दोन मालन भेटल्या. एक चाळीस वर्षांची निघाली आणि दुसरी म्हणाली, "माझ्या दातांना कधी फट नव्हती." आज केदारकडून मूळ चित्रच मागून नेलं आणि किराणा दुकानात दाखवलं, तर म्हाताऱ्या दुकानदारीणबाई लगेच म्हणाल्या, "आगो, ही त नयनची सासू! तिचे पयलेचे दात नाय बगत?"

नयननं दार उघडलं. मागे व्हरांड्यात चार जणी पत्ते खेळत होत्या. मी म्हटलं, "मालनबाई कोण?" एक जाडजूड, गोऱ्यापान आजी पत्त्यांवरून नजर न उचलता म्हणाल्या, "डाव संपू दे, मंग सांगतंय."

डाव संपला, त्या जिंकल्या. मी आधी छापलेलं पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते लांब धरून बघितलं.

"ही कोन बाय? हिच्या घरान कोन मेला?"

मी म्हटलं, "या तुम्ही आहात."

"मी? मी आशी कवा बसली व्हती?"

मग मी तुमचं शाईचं चित्र दिलं. त्यांनी चष्मा पुसला. शेजारणी मान वाकवून बघायला लागल्या. आणि मालनबाईंनी मांडीवर थाप मारली, "आगो, हा त चिखलातला चित्रकार!"

काका. हे तुम्ही मला सांगायला हवं होतं.

त्या सांगतात की तुम्ही सकाळपासून बांधावर बसून चित्रं काढत होतात. सगळ्या पोरी तुम्हाला हसत होत्या, कारण तुम्ही उन्हात डोक्याला टॉवेल गुंडाळला होतात. मग चित्र लांबून कसं दिसतं ते बघायला तुम्ही उठलात, एक पाऊल मागे गेलात, दुसरं गेलात आणि तिसऱ्याला बांध संपला. कमरेपर्यंत चिखलात! वही मात्र हात वर करून धरलेली. मालनबाई हसून हसून खाली बसायच्या बेतात, तेवढ्यात तुम्ही चिखलातूनच ओरडलात, "हलू नका! अशाच हसत राहा!" आणि तिथेच उभे राहून चित्र काढलंत.

"मना वाटला, याला येड लागला," मालनबाई म्हणाल्या. "चित्र होईपरत त्याना हात दिऊ दिला नाय. मंग आमी चौघींनी खेचला. त्याची एक चप्पल आजून तितंच आसल, टावरच्या खाली."

नंतर त्यांनी विचारलं, "हाय का तो?" मी म्हटलं, आहेत, गडहिंग्लजला, मुलाकडे. त्यांनी तुमचं चित्र नयनच्या हातात देऊन देवघरापाशी ठेवायला सांगितलं. मी घाईघाईनं म्हटलं, "आजी, हे ऑफिसचं आहे, परत द्यायचंय." त्यावर म्हणाल्या, "देवाला बगून त घेऊ दे."

त्यांना अक्षर वाचता येत नाही. आपल्यावरून चित्र काढलेलं पुस्तक छापून आलं, ते सत्तावन्न वर्षं लोक वाचतायत, यातलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. मी पहिलं प्रकरण वाचून दाखवलं. पत्ते बाजूला पडले. चौघी ऐकत होत्या. फळीनं मीठ ओढून गोळा करायचं वर्णन आलं तेव्हा मालनबाई म्हणाल्या, "बरोबर लिवलंय. याला कुनी सांगला?" पुढच्या रविवारी दुसरं प्रकरण वाचायला बोलावलंय. मी लवकर यायचं आणि जेवूनच जायचं, असा हुकूम आहे.

रसिका


डोंबिवली
१६ फेब्रुवारी २०२५

शिवरामकाका,

तुमचं पोस्टकार्ड आलं.

"चप्पल नव्हती. बूट होता. डावा. — शि."

नऊ वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं. मी जिन्यात उभी राहून रडले आणि हसले. वरच्या मजल्यावरच्या वासंतीकाकू पिशवी घेऊन खाली येत होत्या. घाबरल्याच बिचाऱ्या. "कुणाचं काही वाईट आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, बूट होता!" त्यांनी मला दोन मिनिटं कठड्याला धरून बसवलं.

आता जे लिहायचं टाळत आले ते लिहिते. या कार्डानंतर ते न लिहिणं मला जमणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी सुरंगीनं मला बोलावलं नव्हतं. मी गेले होते. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, पट्टी होती, स्टुडिओची किल्ली माझ्याकडे होती. बारा पुस्तकांच्या मालिकेचं काम तुमच्याकडे येणार हे मला माहीत होतं, कारण ते पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं. मी लॅपटॉपवर तीन मुखपृष्ठं केली आणि भाऊंकडे घेऊन गेले. मनात म्हणत होते, काकांना आत्ता दिसत नाहीये, काम अडेल, मी मदत करतेय. पण खाली माझं नाव टाकलं होतं. मदत करणारं माणूस स्वतःचं नाव टाकत नाही. काम मला मिळालं आणि तुम्हाला मी सांगितलं की त्यांनीच बोलावलं.

तुम्ही एवढंच म्हणालात, "मागितलं असतंस तर मीच दिलं असतं." दोन महिन्यांनी स्टुडिओ बंद करून गेलात. त्यानंतर मी शेकडो मुखपृष्ठं केली, बक्षीसही मिळालं एक, पण ब्रश हातात धरला नाही. धरवलाच नाही.

क्षमा मागायला हे लिहीत नाही. म्हणजे मागतेच आहे, पण ती द्यायलाच हवी असं नाही.

आता कामाचं. मला वाटतं, नवं काही करूच नये. तुमचं हसणाऱ्या मालनचं चित्रच मुखपृष्ठावर घ्यावं. मी फक्त अक्षरं करीन. सत्तावन्न वर्षांपूर्वी ते जिथे जायला हवं होतं तिथे जाईल. परवानगी द्याल का?

रसिका


डोंबिवली
९ मार्च २०२५

काका,

तुमचं पत्र. चार पानं! मी ते इतक्या वेळा वाचलंय की आता पाठ झालंय.

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. मी भाऊंच्या ऑफिसातून बाहेर पडले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी तुम्हाला फोन करून सांगितलं. आणि तुम्ही लिहिता, "स्टुडिओ मी तुझ्यामुळे बंद केला नाही. पट्टी निघाली तेव्हा दिसू लागलं की माझा हात कापतो आहे. रेघ सरळ येईना. ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तुझ्यावर रागावून जाणं सोपं होतं. रागावलेल्या माणसाला कोणी हात दाखव म्हणत नाही."

नऊ वर्षं, काका! तुम्ही तिकडे हात लपवून बसलात आणि मी इकडे तोंड. मला आधी तुमचा प्रचंड राग आला. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, आधीच घासलेली. मग राग ओसरला आणि इतकं हलकं वाटलं की मी नाक्यावर जाऊन उगाचच एक किलो द्राक्षं घेऊन आले.

आणि चित्राला तुम्ही नकार दिलात! "ते पंचवीस वर्षांच्या पोराचं चित्र आहे. पुस्तक शेवटच्या पानावर म्हाताऱ्या तानीपाशी येतं. आता आहे तशी मालन काढ. हातानं काढ. रंग कसा लावलास ते कळव. बाकीचं जुनं झालं."

तर कळवते. पोस्टर कलरच्या बाटल्या आणल्या, सहा नंबरचा आणि दोन नंबरचा ब्रश आणला. पहिल्या दिवशी हात असा वागला की जणू कुणा दुसऱ्याचा आहे. मालनबाई व्हरांड्यात बसल्या, आणि हसा म्हटल्यावर आधार कार्डावरच्या फोटोसारख्या झाल्या. मी विनोद सांगितले, नयननं गुदगुल्यासुद्धा केल्या. काही नाही. शिवाय त्यांनी खास कवळी लावली होती, तीत ती फटच नाही. दोन रविवार वाया गेले.

आज शेवटी मी पिशवीतून तुमचं पोस्टकार्ड काढलं आणि वाचून दाखवलं. चप्पल नव्हती. बूट होता. डावा.

मालनबाईंच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. "बूट! मिठागरान बूट घालून आलेला!" मान मागे गेली, कवळी सुटली, ती त्यांनी झेलून पदरात टाकली आणि हसतच राहिल्या. मी ओरडले, "हलू नका!" ते शब्द माझ्या तोंडून आपोआप गेले. त्यावर तर त्यांना श्वासच घेता येईना.

चाळीस मिनिटांत झालं. गालांना गेरू आणि थोडा पिवळा, सावलीत निळा लावलाय, काळा कुठेच नाही. नऊवारीचा हिरवा ओल्यावर ओला लावला, तुम्ही नको म्हणायचात तसा, आणि तो छान पसरलाय. खाडी पांढरी ठेवली, नुसता कागद. तोंडात दात नाहीत. मी विचारलं, दात रंगवू का? म्हणाल्या, "बिनकवळीचा ठेव. नायतर मना कोन वळखनार?"

केदारला अजून दाखवलेलं नाही.

रसिका


डोंबिवली
३० मार्च २०२५, पाडवा

काका,

गुढी उभारून झाली, श्रीखंड खाऊन झालं, आता बातमी.

केदारनं चित्र टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "सुंदर आहे गं. पण मुखपृष्ठावर म्हातारी? दात नसलेली? दुकानात कोण उचलणार?"

मी पर्समधून भाऊंची चिठ्ठी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती आजवर बघितलीच नव्हती. शिडी धरून उभा होता ना, चिठ्ठी माझ्याच हातात राहिलेली. वडिलांचं अक्षर त्यानं ओळखलं. दोनदा वाचली. मग हसायला लागला.

"आई शप्पथ. मी आत्ता अगदी बाबांच्या आवाजात बोललो का?"

"अगदी," मी म्हटलं.

त्यानं लगेच छपाईवाल्याला फोन लावला.

तर असं ठरलंय. पुढच्या बाजूला माझी मालन, मागच्या बाजूला तुमची. पुस्तक उलटं धरलं की शहात्तरची बाई एकोणिसाची होते. आत दोघांची नावं एका ओळीत, तुमचं आधी. यावर वाद नको. आणि केदार एक पानभर लिहिणार आहे की पहिल्या आवृत्तीच्या वेळी काय घडलं. वडिलांची चूक छापायला त्याला जड जातंय, पण म्हणाला, "लिहितो. बाबा असते तर त्यांनाही आज हे चित्र आवडलं असतं."

प्रकाशनाचं विचारलंत. ठाण्यात हॉल घ्यायचा केदारचा बेत होता. तुमच्या गुडघ्यांमुळे प्रवास जमणार नाही हे साईनाथदादानं कळवल्यावर मालनबाईंनी निकाल दिला, "तो नाय येत, त आपन जाऊ." केदार म्हणाला, "आजी, आठ-नऊ तास लागतात." त्या म्हणाल्या, "मी मिठागरान उभ्यानं दिवस काढलेत. तुज्या गाडीन त बसायचाच हाय."

म्हणजे प्रकाशन तुमच्या ओसरीवर. नाही म्हणायची सोय नाही, वहिनींशी माझं बोलणं झालंय.

रसिका


डोंबिवली
२२ एप्रिल २०२५

काका,

पुस्तकं आली. रंग जरासुद्धा मेला नाही, हिरवा तर कागदावर होता त्याहून ताजा आलाय. पहिली प्रत मालनबाईंना दिली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, परत उलटी केली आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक घरात नेऊन दाखवली. शेवटचं प्रकरणही त्या दिवशी वाचून संपवलं. व्हरांड्यात बसायला जागा नव्हती, पंधरा-वीस बायका तरी असतील. शेवटच्या वाक्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्या तानीबरोबर हसल्या.

आम्ही शनिवारी पहाटे निघतोय. केदार गाडी चालवणार, पुढे मालनबाई बसणार असं त्यांनीच ठरवलंय, मागे नयन आणि मी. मालनबाईंनी तुमच्यासाठी सुक्या बोंबलांचा डबा बांधलाय आणि त्याचा वास येतो म्हणून केदार आत्तापासून कुरकुरतोय. संध्याकाळी चारच्या आत पोचू.

तुमचा हात कापतो त्याची काळजी करू नका. मी रंग आणि मोठा कागद आणतेय. तुम्ही सांगा, मी लावीन. किंवा तुम्ही लावा आणि जिथे जाईल तिथे जाऊ दे.

एक विनंती आहे. गाडी थांबली की मी आधी उतरून एकटीच आत येईन. मला काही बोलायचं असेल, तुम्हाला काही बोलायचं असेल, तर ते तेवढ्या दोन मिनिटांत उरकून घेऊ. कारण एकदा मालनबाई ओसरीवर चढल्या की तुम्हाला आणि मला बोलायला मिळेल, ही आशाच सोडा.

येते.

रसिका